परमुलखातला आपला माणूस

थंडी पडली की आपल्या भागातल्या बाजारांत लोकरीचे कपडे विकणारे लोक दिसू लागतात. चंद्रपुरासारख्या मोठ्या गावात तर त्यांची दुकाने ओळीने लागतात. स्वेटर, शाली, कानटोप्या. चेहऱ्यावरून ही माणसे आपल्याकडची वाटत नाहीत. हिंदी मात्र बरी बोलतात. भावही नीट करतात.

आमच्या रात्रीच्या वर्गात एका बाईंनी विचारले, "गुरुजी, हे कोन्या देशाचे हो? अन् इतक्या दूर कशाला आले?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर देता देता हा धडा तयार झाला.

हे लोक तिबेटचे. तिबेट हा हिमालयाच्या पलीकडचा मुलूख. तिथून निघून आलेल्या लोकांची एक वसाहत आपल्या अगदी जवळ आहे. गडचिरोली जिल्ह्याची उत्तरेकडची शीव ओलांडली की गोंदिया जिल्हा लागतो. त्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव आहे. तिथे प्रतापगडाच्या बाजूला १९७२ साली ही वसाहत वसली.

आणि एवढेच नाही. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली लोकांच्या वस्त्या आहेत. आज ज्याला बांगलादेश म्हणतात, त्या मुलखातून त्यांचे आईबाप निर्वासित होऊन आले. १९६० नंतरच्या वर्षांत सरकारने त्यांना आपल्या जंगलपट्टीत जमिनी देऊन वसविले.

म्हणजे पाहा. भांडण कुठे झाले? हजार कोसांवर. पण त्याची झळ लागलेली माणसे आपल्या शेजारी येऊन राहिली. लांबची लढाई लांबच राहते असे नाही.

मग दुसरा प्रश्न येतो. दोन देशांचे भांडण होते तेव्हा बोलणी कोण करतो? ज्या मुलखात गोळी चालू आहे तिथे आपल्या देशाचा माणूस म्हणून कोण राहतो? त्या माणसाला राजदूत म्हणतात. आज त्याचीच गोष्ट सांगू.

पंच वेगळा, वकील वेगळा

राजदूत हा शब्द नवा वाटेल. काम मात्र जुने आहे. कीर्तनात आपण कृष्णशिष्टाई ऐकली आहे. पांडवांच्या वतीने श्रीकृष्ण कौरवांच्या सभेत गेले. युद्ध टळावे म्हणून बोलले. रामाच्या वतीने अंगद रावणाकडे गेला. दोघांचेही कोणी ऐकले नाही. तरी लढाईआधी बोलून पाहावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे.

मराठेशाहीत या माणसाला वकील म्हणत. पेशव्यांचा वकील दिल्लीच्या दरबारी राहत असे. हिंगणे घराण्याने ते काम पुष्कळ वर्षे केले. म्हणूनच राजदूताच्या कचेरीला मराठीत अजून वकिलात म्हणतात.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. गावात बांधावरून तंटा झाला तर आपण पाटील, गायता किंवा चार जाणती माणसे बोलावतो. ते पंच. पंच कोणाच्याच बाजूचा नसतो. राजदूत तसा नाही. तो एका घराचा माणूस आहे. त्याचा पगार त्याचे सरकार देते. सरकार सांगेल ते त्याने बोलायचे.

मग समोरच्याने त्याच्यावर विश्वास का ठेवावा?

इथेच या कामाची खरी अडचण आहे. राजदूत आपल्या घराशी इमान राखतो, आणि तरीही परक्या घरात त्याचा शब्द खरा मानला गेला पाहिजे. दोन्ही साधले तर तो कामाचा. एक सुटले तर काम संपले.

हे कसे साधायचे? एका मराठी माणसाच्या आयुष्यावरून पाहू. त्यांचे नाव अप्पासाहेब पंत.

औंधचा राजपुत्र

सातारा भागात औंध नावाचे लहानसे संस्थान होते. सारी मिळून ७२ गावे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून त्यांचे नाव झाले. त्यांच्या पोटी १९१२ साली अप्पासाहेबांचा जन्म झाला. ते विलायतेत शिकले, बॅरिस्टर झाले आणि १९३७ साली परत आले.

परत आल्यावर बापलेकांनी एक नवल केले. राजाने आपली सत्ता आपणहून प्रजेला द्यायची असे ठरविले. सल्ला घ्यायला ते गांधीजींकडे गेले. गांधीजी तेव्हा आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला राहत होते. १९३९ च्या जानेवारीत औंधचा नवा कायदा झाला. गावाने आपले पंच निवडायचे. गावचा कारभार पंचांनी पाहायचा. गावातले तंटे होईल तोवर गावातच मिटवायचे.

अप्पासाहेब तेव्हा सत्तावीस वर्षांचेही नव्हते. या कारभारासाठी त्यांना गावोगाव हिंडावे लागले. आता तुम्हीच सांगा, राजाचा मुलगा समोर बसला तर गावकरी मनातले बोलेल का? "होय सरकार, ठीक आहे सरकार," एवढेच म्हणेल. खरे ऐकायचे तर त्याच्या ओसरीवर बसावे लागते. दोनदा, चारदा जावे लागते. आपण कमी बोलून त्याला बोलू द्यावे लागते. पुढे परदेशात ही सवय कामी आली.

१९४८ साली औंध संस्थान भारतात विलीन झाले. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी अप्पासाहेबांना आफ्रिकेत पाठविले.

केनिया: घरधनी कोण?

आफ्रिकेच्या पूर्व भागात केनिया देश आहे. तेव्हा तिथे इंग्रजांचे राज्य होते. भारताचे पहिले आयुक्त म्हणून अप्पासाहेब नैरोबी शहरात राहू लागले. देश स्वतंत्र नसला की तिथे राजदूत नसतो, आयुक्त असतो. काम तेच.

केनियातल्या थंड हवेच्या चांगल्या जमिनी गोऱ्या लोकांनी घेतल्या होत्या. त्या जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे किकुयू लोक मजूर झाले होते. गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसाला मज्जाव होता. आपले भारतीय लोक तिथे मध्ये होते. कोणी रेल्वे बांधायला गेले होते, कोणी दुकानदार होते. वरून गोरे दबावत, आणि खालचे आफ्रिकी लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत.

नेहरूंचे म्हणणे स्पष्ट होते. तो देश आफ्रिकी लोकांचा आहे. भारतीयांनी त्यांच्याशी जुळवून राहावे. हाच निरोप घेऊन अप्पासाहेब गेले. त्यांनी आपल्या घराचे दार आफ्रिकी लोकांना उघडे ठेवले. त्यांच्या पुढाऱ्यांना पंगतीला बसविले. आफ्रिकी मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून खटपट केली.

१९५२ साली केनियात भडका उडाला. किकुयू तरुण जंगलात गेले आणि इंग्रजांशी लढू लागले. या लढ्याला माऊ माऊ म्हणतात. ऑक्टोबरात इंग्रजांनी आणीबाणी पुकारली आणि जोमो केन्याटा या पुढाऱ्याला पकडले. हजारो लोक छावण्यांत कोंडले गेले. दोन्हीकडून माणसे मेली. सर्वांत जास्त मेले ते आफ्रिकी लोकच.

आता अप्पासाहेबांची अडचण पाहा. राजदूताचा नियम असा, की ज्या घरी पाहुणा आहेस त्या घरच्या भांडणात पडू नकोस. पण घरधनी कोण? राज्य करणारा इंग्रज, की ज्याची जमीन आहे तो? इंग्रजाला दुखवावे तर इथे राहणे कठीण. आफ्रिकी माणसाकडे पाठ फिरवावी तर उद्या तो म्हणेल, "आमच्या वाईट दिवसांत तुम्ही तोंड लपविले."

अप्पासाहेबांनी मैत्री सोडली नाही. इंग्रज सरकारला ते खपेना. त्यांनी दिल्लीकडे तक्रार केली. शेवटी १९५४ साली भारताने अप्पासाहेबांना परत बोलावले.

हे अपयश म्हणायचे का? त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पुढे १९६३ च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला, आणि तुरुंगात टाकलेले केन्याटाच त्या देशाचे पहिले पंतप्रधान झाले. राजदूताच्या कामाचे पीक असे उशिरा येते. कधी पेरणारा तिथून निघून गेल्यावर येते.

डोंगरापलीकडचे तिबेट

आता आपल्या स्वेटरवाल्यांकडे येऊ.

१९५० साली चीनची फौज तिबेटात शिरली. तिबेटी लोकांचे धर्मगुरू आणि राज्यप्रमुख दलाई लामा तेव्हा पंधरा वर्षांचे होते. भारताला चीनशीही मैत्री हवी होती, आणि तिबेटशी तर जुना घरोबा होता. वाट नाजूक होती.

१९५५ साली अप्पासाहेबांना सिक्कीमच्या गंगटोक गावी नेमले. सिक्कीम आणि भूतान या दोन राज्यांशी भारताचा व्यवहार त्यांनी पाहायचा. तिबेटातल्या भारताच्या कचेऱ्याही त्यांच्याच हाताखाली होत्या. खेचरांचे तांडे नथू ला खिंडीतून ये-जा करीत. व्यापारी येत, भिक्षू येत. त्यांच्याबरोबर बातम्या येत. अप्पासाहेब स्वतःही तिबेटात जाऊन आले. ऐकले-पाहिले ते दिल्लीला लिहून कळवीत.

हे लिहिणे म्हणजे राजदूताचे अर्धे काम. लोकांना वाटते, राजदूत मेजवान्या खातो, हात मिळवितो. तसे नाही. तो दिवसभर ऐकतो आणि रात्री लिहितो. काय घडले, कोण काय बोलला, पुढे काय होईल. सरकारला गोड वाटेल ते लिहिले तर सरकार आंधळे होते. कडू असले तरी खरे लिहावे लागते.

१९५६ साली बुद्धाच्या २५०० व्या जयंतीसाठी दलाई लामा भारतात आले. त्यांच्या मनात इथेच राहावे असे होते. नेहरूंनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. ते गेले. पण तिबेटातली परिस्थिती बिघडतच गेली. १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासा शहरात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा वेष बदलून निघाले. डोंगर, बर्फ आणि नद्या ओलांडून ३१ मार्चला ते भारताच्या हद्दीत पोहोचले. भारताने त्यांना आसरा दिला. त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी लोक आले. त्यांतलीच काही कुटुंबे फिरत फिरत आपल्या शेजारी वसली.

अप्पासाहेबांना तिबेटी लोकांबद्दल मोठा जिव्हाळा होता. पण धोरण ठरविणे हे दिल्लीचे काम. आपले मत काय ते सरकारला कळवायचे. सरकारने वेगळे ठरविले तर तोच निरोप समोरच्याला सांगायचा, आणि तोही त्याची मान राखून. मन एकीकडे आणि निरोप दुसरीकडे, असे दिवस या कामात येतात.

चालून आलेला जमाव

१९६१ साली अप्पासाहेब इंडोनेशियाला राजदूत झाले. हा देश समुद्रात, बेटाबेटांचा. भारताचा जुना मित्र. पुढच्याच वर्षी जकार्ता शहरात आशियाई खेळ भरले. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान या दोन देशांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. खेळांच्या संघटनेतले एक भारतीय पदाधिकारी म्हणाले, असे असेल तर यांना आशियाई खेळ म्हणू नये. झाले! लोक भडकले. ३ सप्टेंबर १९६२ रोजी हजारोंचा जमाव भारताच्या वकिलातीवर चालून गेला आणि नासधूस केली.

वकिलातीचा मान राखावा, तिला हात लावू नये, असा साऱ्या जगाचा नियम आहे. १९६१ साली व्हिएन्ना शहरात पुष्कळ देशांनी मिळून तो लिहूनही काढला होता. पण जमाव नियम वाचून येत नाही.

दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा शेवटचा सामना होता. भारताविरुद्ध दक्षिण कोरिया. प्रेक्षक भारताच्या खेळाडूंची हुर्यो करीत होते. तशाही स्थितीत भारताने दोन विरुद्ध एक असा सामना जिंकला.

खेळाडू जिंकून घरी आले. राजदूताला मात्र तिथेच राहायचे असते. ज्यांनी काल दगड मारले त्यांच्याच सरकारशी आज बोलायचे असते. चिडून चालत नाही, आणि भिऊनही चालत नाही. अप्पासाहेब १९६४ पर्यंत तिथे राहिले. जमाव चालून आला त्याला दोन महिनेही झाले नव्हते तोच, ऑक्टोबरात चीनने भारतावर हल्ला केला. अशा वेळी एकेका मित्राची किंमत कळते. म्हणून रागाच्या भरात दार बंद करायचे नसते.

नंतर ते इजिप्त देशात राजदूत होते. तिथे १९६७ च्या जूनमध्ये इस्राएलशी सहा दिवसांचे युद्ध झाले. गाझा भागात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवान होते. त्यांतले काही मारले गेले. सुएझ कालवा बंद पडला तो आठ वर्षे उघडला नाही. पुढे १९७१ साली बांगलादेशचे युद्ध झाले तेव्हा अप्पासाहेब लंडनला भारताचे उच्चायुक्त होते. १९७५ साली त्यांनी नोकरी संपविली. १९९२ साली ते वारले.

हे काम कोण करतो?

अप्पासाहेब राजाचे पुत्र होते. आता त्याची गरज नाही. भारताची परराष्ट्र सेवा १९४६ साली सुरू झाली. पदवी घेतलेल्या कोणत्याही मुलाने किंवा मुलीने केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी. पास होऊन निवड झाली की दिल्लीत शिक्षण मिळते. एक परकी भाषा शिकावी लागते. मुथम्मा नावाच्या कर्नाटकातल्या बाई १९४९ साली या सेवेत आल्या आणि पुढे राजदूत झाल्या. त्या या सेवेतल्या पहिल्या स्त्री. तेव्हा आपल्या पाड्यावरची मुलगीही उद्या हे काम करू शकेल. सुरुवात अक्षरापासून होते.

काम सुखाचे आहे असे मात्र समजू नका. १९८४ साली रवींद्र म्हात्रे हे आपले मराठी अधिकारी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरी होते. त्यांना काश्मिरी अतिरेक्यांनी पळवून नेले आणि ठार मारले. पुण्यात नदीवरच्या एका पुलाला त्यांचे नाव आहे. २००८ साली काबूल शहरात आपल्या वकिलातीवर बॉम्बहल्ला झाला. त्यातही आपले अधिकारी गेले.

आणि लढाई पेटली की तिथल्या आपल्या माणसांना घरी आणायचे कामही वकिलातीचेच. १९९० साली कुवेत देशावर इराकने हल्ला केला. तेव्हा लाखावर भारतीयांना विमानाने परत आणले. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले. तिथे शिकणारी हजारो भारतीय मुले परत आली. त्यांत महाराष्ट्राची मुलेही होती.

आपल्या गावात

कोणी म्हणेल, एवढे करून लढाया थांबल्या का? नाही थांबल्या. राजदूताच्या हाती फौज नसते. तो लढाई थांबवितोच असे नाही. पण बोलण्याची वाट तो मोकळी ठेवतो. लढाई कितीही चालली तरी शेवटी दोघांना त्याच वाटेने यावे लागते.

मधल्या माणसाची अडचण आपल्याला नवी नाही. गडचिरोलीने बंदुकीचे दिवस पाहिले आहेत. एकीकडे नक्षलवादी, दुसरीकडे पोलीस, आणि मध्ये गाव. इकडे बोलला तर तिकडचा संशय. तिकडे पाणी पाजले तर इकडचा संशय. अशा वेळी माणसे बोलणेच सोडतात. आणि बोलणे सुटले की भीती वाढते.

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे. त्या गावाने एक रीत पाळली. सर्वांचे एकमत होईपर्यंत बसायचे, बोलायचे. एकजण जरी "नाही" म्हणाला तरी त्याचे ऐकायचे. अशा गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. औंधच्या गावांत अप्पासाहेबांनी जे ऐकणे शिकून घेतले, ते हेच.

तेव्हा या थंडीत स्वेटर घ्यायला जाल तेव्हा नुसता भाव करून परतू नका. त्या दुकानदाराला त्याच्या आजोबांचे गाव विचारा. कोणत्या वाटेने आले ते विचारा. तो सांगेल. तुम्ही ऐका.